दार लावा, मग बोला

मित्रांनो, मी एक जुना बोर्ड आहे. दुकानावरचा नव्हे. ताटाएवढी हिरवी पाटी, अंगभर चिपा, तोंडाशी दोन सॉकेटं. त्यांत केसासारखी काचेची तार खुपसली की मी तिच्यात उजेड सोडतो. त्या उजेडावर बसून लोकांचं बोलणं गावोगाव जातं.

दार उघडं.

माझी जन्मखोली स्वच्छ होती. पेटीवाल्याने मला राहायला लोखंडी पेटी केली. तारवालीने माझा उजेड मोजला. मोजायच्या यंत्राच्या वायरी पेटीच्या दारातून आत यायच्या, म्हणून दार कायम उघडं. आकडे उत्तम. मी शाबासकीने फुगलो.

जेवणानंतर तपासनीस येणार होते. मी पास झालो तर माझी भावंडं बनणार होती. नापास झालो तर काम बंद, आणि आमच्या कामाच्या प्रमुख मॅडमनी जमवलेली माणसं चार दिशांना.

"सगळं झालं?" मॅडम म्हणाल्या. "मग दार लावा."

दार बंद.

मित्रांनो, मला जरा... तार दाब... उजेड सांड... ऐकू ये...

दार उघडं.

हुश्श. काचेची तार फार वाकली की उजेड वळणावरच बाहेर सांडतो. दार लागताच ती दुमडली होती.

"तुझी पेटी आहे की उंदराचं बीळ?" तारवाली कडाडली.

"दिलेल्या मापाची आहे. तुझी तारच लाडावलेली. जरा वाकवली की रुसते!" मग पेटीवाला हळूच म्हणाला, "मॅडम, पाहुण्यांपुढे दार उघडंच ठेवू या ना. कोण विचारतंय?"

"आणि लोकांकडे गेल्यावर पेटी आ वासून बसणार का?" मॅडमनी माझ्या तोंडाशी बोट टेकवलं. "सॉकेटं तिरकी करा. तार खालच्या अंगाला उतरू दे. दोघं मिळून."

पेटीवाल्याने नवी पट्टी कापली, कानशीने घासली. तारवालीने तिच्यात सॉकेटं बसवली. दोघांची डोकी माझ्यावर एकमेकांना आपटली. "बघून वाक की!" "तूच वाक!"

पाहुणे आले.

दार बंद.

आणि मित्रांनो, मी न अडखळता, न गळता, एका दमात बोलत राहिलो, तपासनीस तारेच्या दुसऱ्या टोकाला आकडे बघत राहिले, पेटीवाला दाराला पाठ लावून उभा राहिला, तारवालीने त्याच्या दंडाला चिमटा काढला, आणि मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत बसल्या.

माझी भावंडं दूरदूर गेली. मी फळीवर आहे. धूळ बसते, कधी कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवतं. तक्रार नाही. मॅडम येता-जाता माझ्या सॉकेटांवरची टोपणं नीट दाबून जातात.

एवढंच मागतो. तुमच्या घरातही भिंतीवरच्या डबीतून अशी बारीक तार आली असेल. तिच्यावर कपाट सरकवू नका, तिला गाठ मारू नका. सैलसर वळण ठेवा. पलीकडे कुणीतरी अर्ध्या वाक्यात असतं.