एक छेद सहा

बाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि यापुढे एकटं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून रविवारी सकाळी दोन्ही मुलगे आईची वाटणी करायला बसले. एकतीस वर्षं पाचवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवले त्या बाईंची वाटणी! बाई समोरच खुर्चीत, प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

"अर्धं वर्ष माझ्याकडे," थोरला म्हणाला.

"माझ्या दोनच खोल्या. मी एक तृतीयांश घेतो," धाकटा म्हणाला.

"झालं तर मग, मिटलं!" थोरल्याने हात झटकले.

बाईंनी मान वर केली. "काय मिटलं? बेरीज करून दाखव."

थोरल्याने हसत हसत औषधाच्या चिठ्ठीमागे बेरीज मांडली. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. दोन छेद पाच. "हे तर निम्म्याहूनही कमी आलं की," तो गोंधळला.

त्याला तरी काय बोलणार? पाचवीच्या वार्षिक परीक्षेत त्याने हेच दिवे लावले होते. बाईंचा मुलगा बाईंच्याच विषयात नापास झाला तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून पेपर तपासताना बाईंनी ते उत्तर गुपचूप खोडलं आणि त्याच्यासारखं अक्षर काढून पाच छेद सहा लिहिलं. आयुष्यात केलेली एकच लबाडी. आज त्यांना स्वतःचीच चीड आली.

धाकट्याला मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. रडला, रुसला, तरी समान छेद घोटून घेतले होते.

"दादा, तसं नाही रे," तो म्हणाला. "आधी छेद सारखे कर. तीन छेद सहा आणि दोन छेद सहा, झाले पाच छेद सहा. एक उरतो. म्हणजे दोन महिने."

कागदाला हातही न लावता! बाईंना भरून आलं. एकाला तरी आलं म्हणायचं. आता हा म्हणेल, तेही दोन महिने माझ्याकडेच राहा.

"कधी केलंस रे हे गणित?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

"मागच्या आठवड्यात." धाकटा खिडकीकडे बघत होता. "वृद्धाश्रमात विचारून आलोय. दोन महिन्यांसाठीही ठेवून घेतात."

थोरला अजून चिठ्ठीवर छेद जुळवत बसला होता.

"उत्तर बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पैकीच्या पैकी."