मियाशिरोंच्या दुकानाची पडवी

मी एक जुनी पडवी आहे. हवाई बेटावरच्या उसाच्या गावात, मियाशिरोंच्या दुकानापुढे, पत्र्याचं छप्पर आणि सहा लाकडी खांब सांभाळत उभी आहे. माझ्या वर दुकानाची उंच, चौकोनी दर्शनी भिंत आहे. मित्रांनो, ती पाहून वाटतं, इमारत दुमजली असावी. मागे जाऊन पाहावं तर एकच मजला! तरी फोटो तिचेच निघतात. माझ्या वाट्याला ओली माणसं येतात.

दुकानात शिरताना बूट बाहेर काढायची इथली रीत. मळ्यातले मजूर लाल चिखलाचे बूट दाराशी ठेवून आत जायचे आणि येईपर्यंत पावसाने ते भरलेले असायचे. म्हणून दुकानानंतर तीन वर्षांनी मला जोडलं. पुढे चाळीस-चाळीस जोड मी कोरडे राखले. मग साखर कारखाना बंद पडला. माणसं पांगली. माझ्या एका खांबाला वाळवी लागली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गेल्या वर्षी मालकीण त्सुरुको मावशींचा भाचा वेंडेल शहरातून परतला, दुकान मूळ रूपात आणायला.

"मावशी, हा उद्घाटनाचा फोटो बघ. पडवी आहे कुठे? काढून टाकू."

"त्यात मीही नाही रे. मलाही काढतोस?"

भाचा हसला, पण सुतार युसेबिओ आलाच. दारावरच्या माझ्या छपराचे दोन पत्रे त्याने उतरवले, तेवढ्यात मावशींनी कॉफीला हाक मारली. सवयीने दोघांनी बूट दाराशी काढले. बाहेर सर कोसळली. मावशींनी दोघांना आणखी एकेक कप दिला.

बाहेर येऊन वेंडेलने बुटात पाय घातला. पचक!

"अरे, नवे होते माझे!"

युसेबिओने स्वतःचा बूट उपडा करून पाणी ओतलं. "मूळ रूप, वेंडेलशेठ. तेव्हा असंच असायचं."

वेंडेलने माझ्या उघड्या छपराकडे पाहिलं. "पत्रे परत लाव," तो म्हणाला.

"आणि तो कुजका खांब?" आतून मावशी.

"तोही बदल."

युसेबिओने खांबाचा पोखरलेला भाग कापून नवं लाकूड सांधलं. हात फिरवून पाहिला. इतक्या वर्षांत मला कुणी असा हात लावला नव्हता.

मित्रांनो, मला सुंदर म्हणू नका, फोटोही नकोत. कोरड्या दिवशी एखाद्या पडवीच्या खांबाला टिचकी तेवढी मारून बघा. आवाज पोकळ आला तर सुताराला बोलवा. आम्हाला हाक मारता येत नाही.