सतरा नंबरची विहीर

यशोधराने पिशवीतून मोजपट्टी काढली, तिच्या टोकाला शिशाचं वजन बांधलं, आणि मग विहीरच दिसेना म्हणून ती इकडेतिकडे पाहू लागली. उंबर जागेवर होता. उंबरापलीकडे बैठं घर होतं, गोठा होता, गोठ्यावर फेब्रुवारीत होती तीच निळी ताडपत्री होती. मधल्या जागेत मात्र मुरूम पसरून वर रोलर फिरवलेला. तिने फोनवर नकाशा उघडला. फोनच्या हिशेबाने ती विहिरीच्या बरोबर मधोमध उभी होती.

तिने वजनाची गाठ सोडायला घेतली. ती काही केल्या सुटेना, तेव्हा वजन तसंच पट्टीसकट पिशवीत टाकून दिलं.

चार वर्षं ती या कामामागे होती. अंबरनाथपासून बदलापूरच्या पुढपर्यंतच्या जुन्या विहिरी, त्या कोणत्या खडकात खणल्या, कोणी खणल्या, पाणी कोणी भरलं, आणि टँकरवर जगणाऱ्या नव्या सोसायट्यांना आज त्यांचा काही उपयोग होईल का, असा प्रबंधाचा विषय. एकशे चार विहिरी झाल्या होत्या. एकीची मापं दुसरीच्या नावावर चढू नयेत म्हणून प्रत्येक विहिरीच्या काठाच्या दगडावर ती पिवळ्या ऑइलपेंटने नंबर टाकायची आणि प्रत्येकीचा एक तक्ता भरायची. तक्त्यात शेवटी दोन रकाने होते: माहिती देणाऱ्याचं नाव आणि वय. त्याशिवाय तिच्या मार्गदर्शक शीला मॅडम तक्ता हातात घेत नसत.

सोनिवलीच्या पुढच्या या पाड्यावरची महिपतीची विहीर सतराव्या नंबरवर होती. कागदोपत्री ती सतरावी असली तरी यशोधराच्या मनात तीच पहिली होती. बाकीच्या एकशे तीन विहिरी तिने या एकीपायी मोजल्या असं म्हटलं तरी चालेल.

कारण ही विहीर तिच्या पणजोबांनी, हरिचंद्रांनी खणली होती. महिपतीने मजुरीवर माणसं लावली, त्यांत ते मुख्य. पहार, घण आणि छिन्नी यांवर दोन उन्हाळे काढले. वरचा काळा फत्तर फोडला, खाली लाव्हाच्या दोन थरांमध्ये असतो तसा तांबडा पट्टा लागला आणि त्यातून पाणी फुटलं. विहीर बांधून झाली की आपल्या माणसांना तिला शिवता येणार नाही, घरातल्या बायका वरून ओततील तेव्हा आपल्या हंड्यात पाणी पडेल, हे हरिचंद्रांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून पाणी वर चढण्याआधी एका दुपारी त्यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीला खाली नेलं, सहाव्या पायरीवर तिचा हात पालथा ठेवायला लावला आणि त्याच्या कडेकडेने छिन्नी चालवली. ती मुलगी म्हणजे यशोधराची आजी, भिमाबाई.

"माझा हात बाराही महिने पान्यात हाय," आजी सांगायची. "माझं मन व्हईल तवा मी पिते."

शीला मॅडमनी ही गोष्ट दोनदा ऐकून घेतली होती, आणि दुसऱ्यांदा चष्मा काढून डोळे पुसले होते. पण चष्मा परत लावल्यावर त्या म्हणाल्या, "यशोधरा, ही घरातली आठवण झाली. तुझीच आजी, तूच संशोधक. एक फोटो आण, मग कोणी बोलणार नाही."

फेब्रुवारीत पाणी तिसऱ्या पायरीला होतं. सहावी पायरी वैशाखातच उघडी पडते, हे आजीनेच सांगितलेलं. तेव्हा यशोधराने नंबर टाकला, घरातल्या म्हाताऱ्या बाईला "सर्व्हे चालू आहे" एवढंच सांगितलं आणि ती परतली. आपण कोणाची नात, कशासाठी आलो, हे ती बोलली नाही. हाताचं नाव काढलं तर आपल्याला विहिरीत उतरू देणार नाहीत, ही धास्ती तिच्या मनात होती. तिच्या घरात ती धास्ती कोणाला शिकवावी लागत नाही.

"आल्या का मॅडम?"

तीच म्हातारी घराच्या ओट्यावरून उतरत होती. महिपतीची सून, बनूबाई. सत्तरीची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिच्या मागून मुलगा राजू बनियनवर शर्ट चढवत आला. दोघांच्या चेहऱ्यांवर एकच भाव होता, इतके दिवस चुकवलेल्या माणसाने अखेर दारात उभं राहावं तसा.

"मावशी, विहीर?"

"ती बुजवली."

"कधी?"

"होळी झाली ना, त्याच्या मागून." बनूबाईने राजूकडे पाहिलं. पुढचं त्याने बोलावं अशी तिची इच्छा होती.

"मॅडम, तुम्ही आता बोलू नका की विचारून का नाही केलं," राजू म्हणाला. "जागा आमची, विहीर आमची. तुमचा नंबर पडला ना, त्याच दिवशी समजलो आपण. रस्त्याच्या टायमाला पलीकडच्या पाड्यात असेच पिवळे नंबर टाकले घरांवर. वरसात एक घर ऱ्हायलं नाय. नंबर पडला मतलब जागा गेली. विहीरच नसली तर नंबर टाकणार कशावर?"

यशोधराला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने उंबराच्या बुंध्याला हात टेकला.

"मी सरकारची नाही हो. मी शिकते आहे. तो नंबर माझ्या वहीपुरता होता."

"मग तसं बोलायचं ना," राजू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही सर्व्हे बोललात."

ती तेवढंच बोलली होती, हे खरं होतं. यशोधराला स्वतःची चीड आली. चार वर्षं या पट्ट्यात हिंडून इथले खडक तिला बोटाने ओळखता येत होते, आणि पिवळ्या आकड्याचा अर्थ इथल्या पोरासोरांना कळतो तो तिला कळला नव्हता.

"पाणी उपसून भरली का?" तिने विचारलं. विचारून उपयोग नव्हता, पण तक्त्यात ते लिहावं लागतं.

"नाय. पान्यासकट. कॅम्पात कुठली तरी बिल्डिंग पाडलेली, तिचा राबिट आणला. विटा, लाद्या, असलं सगळं. तीन दिवस डंपर चालू होते."

बनूबाई मध्येच म्हणाली, "तशीच नाय भरली हां. पान्यातल्या देवी, आसरा, त्यांना आदी हलवलं. हे बगा."

ती उंबराच्या मागच्या बाजूला गेली. तिथे शेणाने सारवलेल्या हातभर जागेत विहिरीच्या काठाचा एक दगड उभा केला होता. त्यावर हळद होती, कुंकू होतं, चाफ्याची दोन सुकलेली फुलं होती, आणि या सगळ्याखालून पिवळा आकडा दिसत होता. सतरा.

"हाच का घेतला?" यशोधराने विचारलं.

"जेसीबीने पयला हाच निघाला," राजू म्हणाला. "आई बोलली, हाच ठेवा."

"खरा दगड तं खालती व्हता," बनूबाई म्हणाली. आता ती मोकळी झाली होती. देवाचं बोलताना तिला साहेबाची भीती वाटत नसावी. "सहाव्या पायरीला. त्याच्यावर हात व्हता आसरांचा. एवढासा, पोरीच्या हातावानी. मी लगीन करून आले तवा सासूबाईनी पयल्याच उन्हाळ्यात खाली नेऊन माझ्याकडनं ओटी भरून घेतली. दर वैशाखात पानी उतरलं का आमी घरच्या बाया जायचो. हळद-कुंकू, खण, नारळ. हा राजू व्हता ना लहान, तो आपला हात त्याच्यात ठेवून मोजायचा. पुरा बसला तवा रडला, का आता मी मोठा झालो म्हणून. आवंदा पानी उतराच्या आदीच भरावी लागली. तो दगड काय हाताला लागला नाय. म्हणून मंग ह्याच्यात बोलावलं."

यशोधरा खाली बसली. गुडघे टेकून नव्हे, नुसती मुरमावर बसली. एक फोटो मागितला होता मॅडमनी, आणि इथे अख्खं घर साक्षीला उभं होतं, पन्नास वर्षांचं. फेब्रुवारीत एकदा तोंड उघडलं असतं तर.

"मावशी," ती म्हणाली, "तो हात आसरांचा नाही. माझ्या आजीचा आहे. हरिचंद्रांची भिमा. विहीर खणणाऱ्या हरिचंद्रांची."

बनूबाईने दगडाकडे पाहिलं, मग यशोधराकडे, मग तिच्या हातांकडे. हरिचंद्र कोण, कुठल्या वस्तीतला, हे तिला सांगावं लागलं नाही. पदर सारखा करून तिने तो खांद्यावरून पुढे ओढला.

"हाय का म्हातारी?" तिने विचारलं.

"आहे. एक्याऐंशी वर्षांची."

"असं व्हतं तं सांगाचं नाय का, पोरी," बनूबाई म्हणाली. मॅडमची ती केव्हा पोरी झाली हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही. "एवढं सांगितलं असतंस तं मी राजूला आडवी पडले असते."

राजूने मान वळवून रोलर फिरवलेल्या जागेकडे पाहिलं. बनूबाई घरात गेली आणि पेल्यात पाणी घेऊन आली. पेला तिने खाली ठेवला नाही, यशोधराच्या हातात दिला.

"जारचं हाय," ती म्हणाली. "आता तेच पितो आमी."

यशोधरा ते सगळं प्यायली.

कॅम्प पाचमधल्या घरी ती पोचली तेव्हा चार वाजले होते. भिमाबाई दारात बसून जीन्सचे धागे कापत होती. शेजारच्या कारखान्यातून गठ्ठा यायचा. शिवलेल्या पँटींचे सुटे दोरे छोट्या कैचीने छाटायचे. डोळ्यांनी नीट दिसत नसलं तरी तिच्या बोटांना दोरा बरोबर लागायचा. गुरुवारपासून तिने गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझा हात आता पुस्तकात छापून येणार.

"दिसला का गं, यशू?"

यशोधराने वाटेत तीन खोट्या गोष्टी जुळवून ठेवल्या होत्या. पाणी अजून उतरलं नाही, ही त्यातली सगळ्यात चांगली होती. ती आजीच्या समोर बसली आणि तिने खरं ते सांगितलं. नंबर, राबिट, रोलर, सगळं. माझ्यामुळे झालं, असंही सांगितलं. मग उंबराखालचा दगड सांगितला, दर वैशाखातली ओटी सांगितली, राजूचं हात मोजणं सांगितलं.

भिमाबाई ऐकत होती. कैची तिने मांडीवर ठेवून दिली होती. यशोधराला वाटलं, आता ती रडेल, आणि ती रडली असती तर बरं झालं असतं.

"हळद-कुंकू लावायच्या?" तिने विचारलं.

"हो."

"दर साली?"

"दर वर्षी."

भिमाबाईने उजवा हात पालथा करून समोर धरला. नखांत जीन्सची निळाई बसली होती.

"हाताला खण-नारळ दिला," ती म्हणाली. "पानी नाय दिलं."

एवढं बोलून तिने पुढची पँट ओढून घेतली, शिवण उलटी केली, दोरा शोधला. तो तिला लवकर सापडेना. यशोधरा तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने पिशवीतून सतराव्या नंबरचा तक्ता काढून गुडघ्यावर ठेवला. बुजलेल्या बाकीच्या अकरा विहिरींपुढे कारणाच्या रकान्यात तिने 'नागरीकरण' असं लिहिलं होतं. इथे तिने लिहिलं: संशोधिकेने टाकलेला क्रमांक. अक्षर वाकडं आलं. शीला मॅडम त्याखाली रेघ ओढणार हे तिला दिसत होतं, तरी तिने ते खोडलं नाही.

"काय लिवते?" आजीने विचारलं.

"विहीर कशी बुजली ते."

"ते मागून लिव. हात कुनाचा ते लिव पयलं."

यशोधराने तक्ता खालपर्यंत सरकवला. माहिती देणाऱ्याचं नाव: भिमाबाई हरिचंद्र. पुढचा रकाना रिकामा होता. या घरात ते विचारायची गरज नव्हती, पण प्रत्येकाला विचारायची तिला सवय होती.

"वय काय लिहू, आजी?"

भिमाबाईला दोरा सापडला. तिने तो कापला, आणि हात तसाच पँटीवर पालथा राहू दिला.

"सहा," ती म्हणाली.