मिजची खोली

अग्निशमन दलाचा पेजर वाजला तेव्हा ग्रॅहम लीबेल्ट पावावर टोमॅटोच्या चकत्या ठेवत होता. त्याने हात पुसेपर्यंत मिज जागेवरून उठून आपल्या क्रेटमध्ये, जाळीच्या पिंजऱ्यात, जाऊन बसलीसुद्धा. पेजर वाजला की क्रेट, आणि क्रेट म्हटलं की चीजचा तुकडा, एवढं गणित त्या कुत्रीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ग्रॅहमने तिला चीज दिलं, पाण्याचं भांडं भरलं, जाळीच्या दाराला कडी लावली आणि वरून जुनी चादर टाकली.

"आलोच गं," तो म्हणाला. हे तो दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी अंधार पडल्यावर उगवायचा. मिजला शब्दांचं काही नव्हतं. ती चीज चघळत होती.

बाहेर शेजारची बेव्ह नॉस्के ठिणग्या पडल्या तर विझाव्यात म्हणून शिडीवर उभी राहून छपराच्या पन्हळीत पाणी भरत होती. पाणी खाली उतरू नये म्हणून तिने पाइपांच्या तोंडात टेनिसचे चेंडू कोंबले होते. उत्तरेकडून तापलेला वारा सुटला होता, आणि डोंगराच्या त्या अंगाला, खाणीच्या मागे, करडा धूर चढत होता.

"घातलंस का पोरीला तुरुंगात?" तिने वरूनच विचारलं.

"तुरुंग नाही, खोली आहे तिची."

"मग बाहेरून कडी कशाला लागते? माझ्या खोलीला कोणी लावत नाही."

"लावली असती तर गल्लीला जरा शांतता मिळाली असती. उतर खाली, पडशील. आणि निघायचं तेव्हा वेळेवर निघ."

"तू मला शिकव," बेव्ह म्हणाली. नवरा गेल्यापासून तिचा सगळा राग ग्रॅहमवर निघायचा, आणि दर रविवारी भाजलेलं मटणही त्याच्याकडेच यायचं.

क्रेटवरून त्या दोघांचं जुनं भांडण होतं. मिज मेंढ्या राखायला वाढवलेली, पण मेंढी दिसली की हीच पायाला पाय लावून पळायची. म्हणून मेंढपाळाने ती ग्रॅहमला फुकट देऊन टाकली. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा बंब ग्रॅहम चालवायचा; पिल्लू असताना बंब धुवायला जाताना तो तिला शेजारच्या सीटवर बसवून न्यायचा. तिने मनाशी धरून ठेवलं की तो मोठा लाल गाडा आपलाच आहे. मग एका उन्हाळ्यात पेजर वाजला, ग्रॅहम पळाला आणि बाईसाहेब कुंपण ओलांडून बंबामागे धावत थेट आगीपर्यंत पोचल्या. पायांचे तळवे भाजले. ग्रॅहम कित्येक दिवस तिच्या पायांना पट्ट्या बांधत होता, तिला उचलून अंगणात नेत होता. दलाचा कॅप्टन रोवन क्लाइन वयाने लहान, पण त्याने स्पष्ट सांगितलं, "मी आग बघू की तुझी कुत्री बघू? तिला बंद करून ये, नाहीतर तू घरी बस." म्हणून क्रेट आला. बेव्हचं म्हणणं, मुक्या जनावराला एकटं ठेवायचं आणि वर कोंडायचं, हा अन्याय आहे. ग्रॅहमचं म्हणणं, पळून जळण्यापेक्षा कोंडलेली बरी.

त्या दिवशीचा हिशेब साधा होता आणि डोंगरातल्या प्रत्येकाने तो केला होता. वारा उत्तरेचा, म्हणजे आग दक्षिणेला जाणार, ग्रॅहमच्या गल्लीपासून लांब. संध्याकाळी वारा फिरून नैऋत्येकडून येईल, तेव्हा आगीची लांबलचक बाजू हीच तिचं तोंड होईल आणि ती गल्लीकडे वळेल. पण संध्याकाळ व्हायला वेळ होता. तोवर बदली माणसं येतील आणि आपण घरी असू. वारा वेळापत्रक पाळतो असं माणसाला का वाटतं कोण जाणे.

बंब पोचला तो हार्टविगांच्या द्राक्षमळ्यावर. घर सोडून जायला त्यांनी उशीर केला होता आणि बंब आत शिरताच मागचा रस्ता निलगिरीच्या पडलेल्या फांद्यांनी बंद झाला. आत आजी-आजोबा, सून, दोन तान्ही मुलं. रोवनने बंब घराला चिकटून उभा करायला लावला आणि सगळे नळ्या घेऊन उतरले. बंबाचा पंप बघायचा म्हणून ग्रॅहम गाडीपाशीच थांबला. धुरात सूर्य तांबडा झाला होता, मळ्याच्या कडेचे खांब जळत होते.

दुपार कलायच्या आधीच वारा थांबला.

क्षणभर सगळं शांत झालं. ही शांतता ग्रॅहमच्या ओळखीची होती: वारा फिरण्याआधीची. मग मानेला गार झुळूक लागली. नैऋत्येकडून. ज्वाळा उभ्या राहिल्या, डगमगल्या आणि डोंगर चढायला लागल्या, त्याच्या घराच्या दिशेने.

"रोवन, आमची गल्ली," तो म्हणाला.

"कळलं मला." रोवनने वायरलेस उचलला. "खाणीच्या रस्त्यावर कोणाचा बंब आहे का? वारा फिरलाय. तिकडे बंब हवाय."

वायरलेसवरून नियंत्रण कक्षातल्या एका बाईचा थकलेला आवाज आला. "सध्या कोणी नाही. घरांमध्ये माणसं आहेत का?"

रोवनने ग्रॅहमकडे पाहिलं. "माणसं निघाली असतील," तो वायरलेसवर म्हणाला. "एक कुत्री आहे. क्रेटमध्ये बंद."

"समजलं," ती बाई म्हणाली. "बाहेरगावचे बंब येताहेत. जमलं तर एक तिकडे वळवते."

"मी चालत जातो," ग्रॅहम म्हणाला.

"कुठून जाशील? मध्ये आग आहे." रोवनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि पंप सोडलास तर आतली पोरं जातील. मी तुला हुकूम देत नाही, ग्रॅहम. तूच बघ."

खिडकीतून एक तान्हं रडताना दिसत होतं, आवाज येत नव्हता. ग्रॅहम पंपापाशीच उभा राहिला. त्याला रोवनचा राग आला, त्या उशिरा निघणाऱ्या माणसांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा आला, ज्यांनी ती कडी लावली होती. आगीत जळण्याआधी जनावराला धुराचा वास येतो. मिज दाराला धडका देत असेल, दातांनी जाळी ओढत असेल. तो पंपाच्या दाबाचा गेज बघत होता आणि त्याला गेज दिसत नव्हता.

त्याने बेव्हला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी घंटी वाजली.

"मी निघालेय," बेव्ह ओरडली. "गाडीत बसलेय. तू कुठे आहेस?"

"बेव्ह, मिज आत आहे."

गाडीचं इंजिन बंद झाल्याचं त्याला ऐकू आलं.

"किल्ली गॅसच्या टाकीखाली. धुण्याच्या खोलीत आहे ती. क्रेट उघड आणि तिला गाडीत घाल. पण जवळ आली असेल आग, तर नको जाऊ. ऐकतेस ना? जवळ असेल तर तशीच निघ."

"अजून खाणीपाशी आहे. जाते मी."

"पट्टा घट्ट धर, बेव्ह. आधी पट्टा, मग—"

फोन कटला. पुढे त्याला काय सांगायचं होतं ते तो नंतर कित्येकदा मनात बोलला: पट्टा सैल आहे, क्रेटचं दार पुरतं उघडायच्या आधी गळ्यात फासाची दोरी अडकव, ती दोरी दाराच्या मागे खुंटीला आहे. पण ते वाक्य त्याच्याजवळच राहिलं.

थोड्या वेळाने वायरलेसवर तीच बाई बोलली. "खाणीच्या रस्त्यावर बाहेरगावचा बंब पाठवलाय. आत्ता वळतोय."

"ऐकलंस?" रोवन म्हणाला, आणि ग्रॅहमच्या डोळ्यांत पाणी आलं. बेव्ह पण तिकडे गेली, बंब पण गेला. मागितलं ते सगळं मिळालं. त्याने नाक पुसलं आणि पंपाचा दाब वाढवला. हार्टविगांचं घर वाचलं.

बदली माणसं पोचेपर्यंत उजाडलं होतं. घरं सोडून आलेल्यांची सोय क्रिकेटच्या मैदानावर केली होती. ग्रॅहमने आधी बेव्हची गाडी शोधली. ती दार उघडं टाकून सीटवर बसली होती, पाय बाहेर, हातात चहाचा कागदी पेला. मागची सीट रिकामी होती.

"माझ्या हातात होती ती," बेव्ह म्हणाली. त्याने काही विचारायच्या आधीच. "अंगणापर्यंत आणली. शहाण्यासारखी आली रे. गाडीचं दार उघडलं, तेवढ्यात भोंगा वाजवत बंब आला गल्लीत. कुठल्या गावचा होता कोण जाणे. ती बघतच राहिली त्याच्याकडे. मग अशी मागे सरली आणि पट्ट्यातून मान काढून घेतली." तिने मांडीवरचा पट्टा उचलून दाखवला. "हाका मारल्या मी. बंब वर खाणीकडे गेला, ती त्याच्या मागे. मला बंबातून उतरलेल्या माणसांनी गाडीत बसवलं आणि जा म्हणाले."

ग्रॅहमने पट्टा घेतला.

"मी क्रेट उघडायलाच नको होता का?"

"उघडला नसतास तर आत भाजून गेली असती," तो म्हणाला. ते त्याला खरंच वाटत होतं. गल्ली गेली असणार, घर गेलं असणार, असं धरूनच तो चालला होता. त्या गेलेल्या घरानेच त्याला सावरून धरलं होतं.

रस्ता खुला झाला तसा तो निघाला. मिज त्याला खाणीच्या अलीकडच्या वळणावर सापडली, जिथे आगीने रस्ता ओलांडला होता. कोणीतरी तिला उचलून कडेला ठेवलं होतं आणि अंगावर बंबवाल्यांचं पिवळं जाकीट घातलं होतं. ग्रॅहम तिच्याजवळ बसला आणि मोठ्याने रडला. तिथे ऐकायला कोणी नव्हतं. मग जाकिटासकट तिला गाडीत, शेजारच्या सीटवर ठेवलं.

गल्लीच्या वरची झाडं काळी पडली होती. त्याच्या कुंपणाचा वरचा कोपरा जळला होता, तिथून पुढे गवत ओलं होतं आणि पिवळंच होतं. तो बाहेरगावचा बंब खाणीकडून परत फिरून इथेच थांबला असणार, रात्रभर. घर जसंच्या तसं उभं होतं. बेव्हचंही.

तो धुण्याच्या खोलीत गेला. क्रेटचं दार उघडं होतं. चादर घडी मोडून एका बाजूला सरकली होती. भांड्यातलं पाणी जवळजवळ तसंच, त्यावर राखेचा कणही नव्हता. त्याने चादर नाकाशी नेली. तिला मिजचा वास होता, बाकी कशाचा नाही.

मागे पावलं वाजली. बेव्ह त्याच्या मागोमाग मैदानावरून आली होती. ती दाराच्या चौकटीत उभी राहिली. तिने स्वच्छ भिंती पाहिल्या, लहानशी अखंड खिडकी पाहिली, क्रेट पाहिला. तिचा हात तोंडावर गेला.

"धूर भरला होता इथे," ग्रॅहम म्हणाला. "नसती वाचली, बेव्ह. आतसुद्धा नसती वाचली."

बेव्हने होकाराची मान हलवली. खोलीत धुण्याच्या साबणाचा वास येत होता. तो दोघांनाही येत होता. ग्रॅहमने खिडकीची कडी काढली आणि आतला धूर बाहेर जावा म्हणून ती सताड उघडली.