रेणूची करंगळी

बिसराम पेंटरने रंगवलेल्या विहिरीत एकदा बकरी पडली होती. सडक अर्जुनीला, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, भर नाटकात. पडदा ओला झाला आणि बकरी गेली ती गेलीच. खोटं वाटत असेल तर बकरीच्या मालकाला विचारा. तो आता हयात नाही, पण म्हणून काही गोष्ट बदलत नाही.

तेव्हापासून बिसरामने गुरूचा नियम मोडला नव्हता. त्याचा गुरू नंदलाल झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा. तो सांगे, "जंगल रंगव, महाल रंगव, पण एक खोट ठेवत जा. एका झाडाले सावली देऊ नको, एका दाराले कडी देऊ नको. पुरं झालेलं चित्र भुकं राहते रे!" म्हणून बिसरामच्या प्रत्येक पडद्यात काहीतरी राहून गेलेलं असे. लोक म्हणत, म्हातारा विसराळू आहे.

यंदा पावसाळ्यात नागझिऱ्याजवळच्या एका रिसॉर्टने त्याला बोलावलं. जेवणाच्या हॉलची बारा फुटी भिंत रंगवायची होती. मॅनेजर भूपेंद्र, गोंदियाचा गडी. त्याने मोबाइल पुढे केला.

"काका, ये देखो. प्री-राफेलाइट म्हणतात यांले. पावणेदोनशे साल पहलेचे लंडनचे पेंटर. राजे-सरदारांच्या जुन्या कथा-कविता वाचायचे, अन् त्यातल्या दुखी बाया रंगवायचे."

चित्रात जरीचा झगा घातलेली एक पोरगी ओढ्यात उताणी तरंगत होती. हात पाण्यावर उघडे, भोवती फुलं.

"मेली काय?" बिसरामने विचारलं.

"मरून राहिली. प्रेमात."

"अन् पेंटर काठावर बसून पाहून राहिला?"

"नाही जी! ओढ्यावर फक्त झाडंपानं काढली. पोरीले घरी टबात झोपवलं. थंडीनं बीमार पडली बिचारी. पण जे दिसते ते पान न पान खरं काढायचं, हाच त्यांचा धरम. मलेबी तसंच पाहिजे. मी झूम करून चेक करीन."

बिसरामची पोरगी रेणू अभयारण्यात गाईड होती. पावसाळ्यात जंगल बंद, म्हणून घरीच. ती म्हणाली, "मी झोपतो ना पाण्यात. वाघाले भेलो नाही, बोडीले भिऊ काय?" रिसॉर्टमागच्या धानाच्या बांधाला लागून एक लहानशी बोडी होती, कमरेइतक्या पाण्याचं तळं. नाटक कंपनीतून राणीचा झगा आणला आणि रेणू रोज सकाळी त्यात पडून राहू लागली. बिसराम काठावर कागदावर उतरवून घ्यायचा आणि दुपारी भिंतीवर चढवायचा.

पहिल्या दिवशी त्याने कमळं रंगवली. दुसऱ्या दिवशी बोडीत एकही कमळ नव्हतं. मग फांदीवरचा खंड्या रंगवला. फांदी रिकामी झाली.

"पाखरू हाय, उडनच," रेणू म्हणाली. "तुमी काऊन तोंड पाडून राहिले?"

तिसऱ्या दिवशी रेणूचे पाय रंगवले. संध्याकाळी शामकला, त्याची बायको, पोरीच्या पायांना हात लावून दचकली. "अवो, बरफ झाले हे!" चौथ्या दिवशी केस झाले. रेणू चुलीपुढे बसून राहिली, तरी केसांतून पाणी ठिबकतच होतं.

तेव्हाच थांबायला हवं होतं. बिसरामला ते कळत होतं. पण चाळीस वर्षं खोटी जंगलं काढलेल्या हाताला पहिल्यांदा खरं जमत होतं, आणि हात ऐकत नव्हता. झगा झाला, गळा झाला, डोळे झाले. शेवटी त्याने मन घट्ट केलं आणि डाव्या हाताची करंगळी तेवढी सोडली. तिथे भिंतीचा पांढरा चुनाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी रेणू उठली नाही. सगळं अंग बोडीच्या पाण्यासारखं थंड. डोळे उघडे, पण ओळख नाही. फक्त डावी करंगळी गरम होती.

"धरून ठेव," बिसराम शामकलेला म्हणाला. "सोडू नको."

दुपारी शामकला किंचाळली, "थंडी पडली! करंगळी थंडी पडली!"

बिसरामने लुना काढली. हॉलमध्ये भूपेंद्र हातात बारका ब्रश घेऊन खुशीत उभा होता. "काका, एक बोट सुटलं होतं तुमचं. मीच भरून टाकलं. शाळेत ड्रॉइंगमध्ये पहिला नंबर होता मेरा."

भिंतीवरचं पाणी काल तिच्या गळ्याला होतं. आता कानांवर आलं होतं. बिसराम बघत होता तोवर हनुवटी भिजली.

त्याने कोपऱ्यातली खुरपी उचलली आणि झग्याच्या काठावर घाव घातला. निघताना शामकलेला लावलेला फोन खिशात चालूच होता. त्यातून शामकला ओरडली, "अवो, काय करून राहिले? पोरीच्या घोट्यातून रक्त!"

त्याने खुरपी मागे घेतली. आपण रंगवलेलं सगळं खरं होतं. खरवडलं तर पोरच खरवडली जाणार. मग त्याची नजर करंगळीवर गेली. भेंडीसारखी जाडी, नख भलतीकडेच. पहिल्या नंबरच्या भूपेंद्रची करामत. त्यात खरं काहीच नव्हतं.

त्याने खुरपीचं टोक तिथे लावलं आणि तेवढं बोट खरवडून काढलं. चुना उघडा पडला. पाणी ओठांपाशी थांबलं.

त्याने फोन कानाला लावला. मग शामकला हळूच बोलली, "गरम हाय जी. गरम हाय. मले 'मा' म्हणाली."

जंगल उघडलं तशी रेणू कामावर गेली. भर उन्हात स्वेटर घालते, वेणीतून पाणी गळतं, आणि वाघ दाखवायचा असला की डाव्या करंगळीनेच दाखवते. पर्यटकांना गंमत वाटते. बिसरामने पेंटिंग सोडलं आणि त्याच हॉलमध्ये वॉचमनची नोकरी धरली. भिंतीपुढे स्टुलावर बसतो, मांडीवर खुरपी. भूपेंद्र बदलून गेला. पण येणारा प्रत्येक नवा मॅनेजर भिंतीकडे बघून म्हणतोच, "काका, एक बोट राहिलं वाटतं."

तुम्ही कधी तिकडे जेवायला गेलात, तर आधी भिंतीवरच्या त्या बाईची बोटं मोजा. नऊ भरली तर निवांत जेवा. दहा भरली, तर ताट तसंच सोडा आणि स्टुलाकडे बघा, म्हातारा जागेवर आहे का.