मामाने उचललेली नवरी

१९५७ सालचा वैशाख. माझ्या थोरल्या बहिणीचं, भागीरथाचं लग्न. आम्ही तिला 'बाई' म्हणायचो. आमच्याकडे तेव्हा नवरीचीच वरात नवरदेवाच्या गावी जाई. आमची नागभीडच्या छोट्या गाडीने, अरुंद रुळांच्या रेल्वेने निघाली. बाईने लच्छूला मंडईतच, दिवाळीनंतरच्या जत्रेत, पाहून ठेवलं होतं. दुसरा कोणी तिला नकोच होता. पण त्याचे वडील, देवाजी, मोठे हट्टी. त्यांचा निरोप होता, "दिवस बुडाला का लगन मोडलं."

मांडवात पोचेपर्यंत नवरीचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, अशी रीत. तिला उचलायचं मामाने. आमचा लटारूमामा तुराटीसारखा, आणि सुगंधामामी चांगली भरली कणगी.

जंगलातल्या थांब्यावर इंजिन पाणी घेई, तोवर अख्खी गाडी तेंदूची पिकली टेंभरं खायला उतरे. मामाने बाईला सावलीत नेऊन बसवलं आणि तो बिडी ओढायला गेला. शेजारी मामी घोरत होती. बाईने आपला पिवळा शेला तिच्या तोंडावर टाकला आणि रीतभात गुंडाळून मला झाडीत ओढलं.

शिट्टी झाली. पाहतो तर मामा धावत आला, शेल्यातली 'नवरी' उचलली आणि झिंगल्यासारखा डब्याकडे निघाला. आम्हाला असं हसू फुटलं की पाय उचलेनात. गाडी गेली!

मग बाईचा चेहरा उतरला. "आता लगन मोडते व!"

रूळ तपासणारा दसरू रुळावरची ढकलगाडी घेऊन उभा होता. "नवरी हायस का टेंभरं विकणारी?" म्हणाला. "बस! ते गाडी म्हशीवानी चालते."

उतार लागला की तोही वर उडी मारी. वारा कानात, बाई ओरडतेय, "अजून जोरात, दसरूभाऊ!"

पोचलो तेव्हा फलाटावर वाजंत्री गप्प होती. तोंडावरचा शेला सरकवून मामी बसली होती आणि मामा कंबर धरून.

"बोलली काऊन नाई तू?" तो किंचाळला.

"लग्नापासून पहिल्यांदा उचललं तुम्ही," मामी लाजली. "मले वाटलं, चालू द्या."

देवाजी मात्र सूर्याकडे बोट दाखवत होते. "मांडव दूर हाये. मामा त मोडला. नवरीले उचलते कोण?"

लच्छू मुंडावळ्यांसकट पुढे आला आणि ढकलगाडीवरून बाईला उचलून घेतलं. लग्नाआधी! बायकांनी तोंडाला पदर लावले. देवाजींच्या मिशा थरथरल्या, आणि ते खो खो हसत सुटले. "पळ लेका! दिवस बुडून राह्यला!"

लग्न लागलं.

देवाजी नातवंडं खेळवून गेले. मामाची कंबर सरळ झाली नाही. मामी त्याच्यामागे बारा वर्षं जगली. प्रत्येक लग्नात हे सांगायची. दसरू मुकादम झाला आणि बदलून गोंदियाकडे गेला. बाई मागच्या पोळ्याला गेली. लच्छूभाऊजी आहेत, ऐकू कमी येतं.