गोठ्यामागच्या चुलीवर झिंगे

माणसानं खुशाल खवा आटवावा, चार लोकांत मिशीला पीळ देऊन बसावं, पण स्वतःच्या पोरीला अट घालायच्या भानगडीत पडू नये. बब्रुवान आण्णा पडले.

ईट गावात आण्णांची खव्याची भट्टी. हयात सगळी कढईपुढं गेलेली. त्यांची एकुलती एक निकिता पुण्याला हॉटेलचं शिक्षण घेऊन आली आणि तिला एका प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात नोकरी लागली. जहाज म्हणजे सणवार सगळे पाण्यावर. आणि पोरगी काय म्हणाली? "आण्णा, तुम्ही हो म्हणल्याबिगर मी जाणार न्हाय." झालं! आण्णांचं अवसानच गेलं. ती भांडली असती तर काम सोपं होतं. आता नाही म्हणायला जीभ रेटेना आणि हो म्हणायला छाती होईना. मग त्यांनी भावकीसमोर ऐटीत जाहीर करून टाकलं, "तिकडं गोऱ्या लोकांना काय करून घालणार हायेस, ते आदी मला घाल. बापाच्या घशाखाली उतरलं तर जा." मनात मखलाशी अशी, की जहाजावरचे गोरे खाणार समुद्रातलं, आणि ईटमध्ये समुद्रातलं जित्राब येणार कुठून आणि आपल्या घशाखाली उतरणार कसं!

पण निकिता शेवटी त्यांचीच पोरगी. रविवारी दुपारी ती सोलापूरहून बर्फाचा खोका मांडीवर घेऊन एसटीनं आली. खोक्यात हे एवढाले झिंगे.

"त्ये आत आणायचं न्हाय," कस्तुराबाईंनी उंबऱ्यातूनच बजावलं. निकिताच्या आईच्या गळ्यात माळ, आणि घराचा नेम पक्का. मटण-मासळीचं वशाट शिजवायचं ते गोठ्यामागं, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत, आणि शिजवायचं ते बाप्या माणसांनी. त्यामुळं ती चूल म्हणजे आण्णांची गादी होती. त्यांच्या मटणाचं नाव पार शेजारच्या वाशी तालुक्यापर्यंत. आज त्या गादीवर पोरगी बसली आणि आण्णा शेजारी पोत्यावर बसून लसूण सोलायला लागले.

"एवढ्या लसणात आख्ख्या गल्लीचा ठेचा व्हईल की गं."

"सोला गुमान."

कस्तुराबाई नाकाला पदर लावून गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत आल्याच. त्यांना नको असलेली गोष्ट जवळून बघितल्याशिवाय राहवत नाही. निकितानं पुडा फोडून लांब लांब पास्ता काढला, तशा त्या म्हणाल्या, "या शेवया कुणी केल्या? किती जाड! बाईचा हात बसलेला दिसत न्हाय."

"आई, पास्ता हाय त्यो."

"असू दे. जाडच हायेत."

पाण्याला उकळी आली. निकितानं मूठभर मीठ टाकलं. "पाणी समुद्राइतकं खारट पायजे, आण्णा. चाखून बघा."

आण्णांनी पळीनं थोडं घेऊन चाखलं. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"कमी हाय," ते ठामपणे म्हणाले.

पास्ता उतरला, निथळला. आण्णांनी एक काडी चावून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. कच्चा! दाताला लागतोय! निकिता म्हणाली, तो तसाच असतो. आण्णांनी 'व्हय का' म्हणून मान हलवली, पण मनात पहिली खोट जमा करून ठेवली.

मग कढईत घरच्या म्हशीचं लोणी पडलं, लोणी जळू नये म्हणून वर थोडं तेल, त्यात बारीक चिरलेला लसूण. काय तो घमघमाट! आण्णांच्या तोंडाला पाणी सुटलं. ते त्यांनी रागारागानं गिळलं.

"हे झिंगे किती येळ शिजवायचे?"

"दोन-तीन मिनटं. जास्त झालं की रबर हुतंय."

"दोन मिनटांत आमचं मटण पाणीसुद्धा सोडत न्हाय!"

"भाकरी टाकते," म्हणून कस्तुराबाई आत गेल्या. "या शेवयांनी कुणाचं पोट भरायचं न्हाय."

निकितानं झिंगे कढईत सोडले, आणि नेमका तेव्हाच तिचा फोन वाजला. नाव बघून तिचा रंगच बदलला. "मुंबईचा हाय, आण्णा. जहाजवाल्यांचा." गोठ्यामागं रेंज कुठली? ती फोन घेऊन धावत रस्त्याकडं गेली. कढईकडं बघा, एवढंही बोलायचं तिला सुचलं नाही.

राहिले आण्णा आणि राहिली कढई.

खाली बाभळीचं लाकूड धडाडून पेटलेलं. आण्णांच्या मनात आलं, आता आपण नुसतं बसायचं. हात लावायचा नाही, काही बिघडवायचं नाही, नुसतं बसायचं. लसूण करपेल, झिंग्यांचं रबर होईल, आणि ईटपासून सोलापूरपर्यंत दुसरा झिंगा मिळायचा नाही. मग आपण मोठ्या दुःखानं म्हणायचं, पोरी, घरच्या चुलीवर जळतंय, तिथं कसं व्हायचं? पोरगी घरी राहील. आणि आपल्या अंगाला पापाचा शिंतोडासुद्धा नाही. आपण काय केलं? काहीच नाही!

एवढा सोयीचा गुन्हा देव रोज रोज हातात देत नाही.

आण्णा मांडी घालून घट्ट बसले. लसूण पिवळा झाला. त्यांनी गोठ्यातल्या म्हशीकडं बघितलं. झिंगे गुलाबी होऊन वळले. आण्णांनी आभाळाकडं बघितलं. आणि मग तो वास आला, खाली लागायच्या जरा आधीचा. खवेवाल्याच्या नाकाला तो वास आला की त्याला कोण बाप आणि कोण लेक काही कळत नाही. कढई लागतेय, एवढंच कळतं. आण्णांनी पेटतं लाकूड ओढून बाहेर फेकलं, उपरण्यानं कढईचे कान धरले आणि कढई खाली उतरवून उलथन्यानं खालवर केली. सगळं झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आपण हे काय करून बसलो.

निकिता धापा टाकत आली. बाहेर पडलेलं लाकूड धुमसत होतं, कढई खाली होती, आणि आण्णा पहिल्यासारखे मांडी घालून म्हशीकडं बघत बसले होते.

"लाकूड कुणी काढलं?"

"वाऱ्यानं आलं असंल भाईर."

"आन् कढई वाऱ्यानं उतरवली?"

"लई वारं सुटलं व्हतं."

निकितानं धुमसतं लाकूड पायानं बाजूला सारलं. तिनं पास्ता कढईत घोळला, वर लिंबू पिळलं, कोथिंबीर टाकली आणि ताट बापापुढं ठेवलं. आण्णांनी ती सगळी घसरणारी भानगड बोटांनी कशीबशी गोळा केली, कस्तुराबाईंनी लांबूनच सरकवलेल्या भाकरीत धरली आणि घास घेतला. मग दुसरा. मग ते मोजायचंच विसरले. जमा केलेली खोटसुद्धा पास्त्याबरोबर पोटात गेली. ताटातलं लोणी भाकरीनं पुसून झाल्यावर कस्तुराबाईंनी कोपऱ्यातून विचारलं, "उतरलं का घशाखाली?"

"उतरलं," आण्णा चिडून म्हणाले.

आण्णांनी उपरण्यानं मिशी पुसली.

"काय म्हणत व्हते जहाजवाले?"

"कधी येताय, म्हणत होते. मी म्हणलं, आण्णांना इचारून सांगते. तर हसले."

"हसले?" आण्णांचा पारा चढला. "माझ्या पोरीला हसले? लाव फोन! सांग, येते म्हणून. म्हणावं, ईटची हाय, हातची कढई जळू देत न्हाय." मग त्यांचा आवाज खाली आला. "आन् हे बी सांग, मागं बापाला लई जड जाणार हाय. करमणार न्हाय त्याला."

निकिताला हसू आलं आणि रडूही आलं. "असं कुणी जहाजवाल्यांना सांगतं व्हय, आण्णा?"

"मग म्या कुणाला सांगू?"

कस्तुराबाई कोपरा सोडून आल्या. त्या वशाटाच्या खरकट्या ताटाशेजारी, आण्णांना खेटून जमिनीवर बसल्या.

"मला सांगा की. मी कुठं चाललेय?"